दिसलं की वाटलं?

बाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या पत्रकाची पुडी केली.

साताऱ्याला आमच्या कॉलेजच्या फाटकात मी पत्रकं वाटत उभी होते. मेसमधल्या करपलेल्या भाकरीपासून सरकारच्या पाटबंधारे धोरणापर्यंत सगळ्याचा त्यात जाहीर निषेध होता. मजकूर माझा, स्टेन्सिल मी कापलेलं, सायक्लोस्टाइलची शाई अजून माझ्या नखांत. प्राणिशास्त्राच्या बाई आल्या. त्यांनी पत्रक घेतलं, उजेडाकडे धरलं, दोन बोटांत चोळून पाहिलं. मग पिशवीतून एक मेलेलं पिवळं फुलपाखरू काढलं, पत्रकाची त्रिकोणी घडी घातली, फुलपाखरू आत सरकवलं, कडा दुमडल्या आणि म्हणाल्या, "कागद छान पातळ आहे गं. घडी बसते. उरलेली असली तर संध्याकाळी घरी आणून दे."

मी पेटले. "बाई, ते वाचायला असतं."

"वाचलं की. 'हजारो विद्यार्थी उपाशी' असं लिहिलंयस. दिसले, की वाटले?"

सबंध कॉलेजात मिळून तेव्हा हजार मुलं नव्हती. मी हातातल्या पत्रकावरचं 'हजारो' खोडलं. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

आटपाडीच्या आमच्या घरात पोथी नव्हती, पत्रकं होती. वडील चळवळीतले. महिन्यातले निम्मे दिवस बाहेर, आणि परत आले की पिशवीत भाजीऐवजी पत्रकांचा गठ्ठा. आईनं ती भिंतीला चिकटवून टाकली होती, पोपडे झाकायला. पाटीवर 'कमळ' काढायच्या आधी मला 'धिक्कार' वाचता येत होतं. त्यामुळे जगात दोनच प्रकारची वाक्यं असतात, एक आपली आणि एक शत्रूची, अशी माझी समजूत होती. तिसऱ्या प्रकारचं वाक्य मला बाईंकडे भेटलं.

"दिसलं की वाटलं?" हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारत. प्राचार्यांना, पोस्टमनला, देवाला विचारता आला असता तर देवालाही. एकदा गवळी दारात म्हणाला, "बाई, आज म्हस आजारी वाटती, दूध कमी हाय."

"वाटती, की दिसली?"

"आवं बाई, म्हस हाय ती. तिला काय कागूद लिवून मागू व्हय?"

"शेण कसं होतं ते सांग."

गवळ्यानं खरंच सांगितलं. बाईंनी खरंच ऐकून घेतलं, आणि मग म्हणाल्या, "हां. मग आजारी आहे."

बाई पंचेचाळीशीच्या. उंच, काटक, साधी गोल साडी आणि पायांत लष्करी कॅनव्हासचे बूट. बूट भावाचे. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, असं विचारायची हिंमत साताऱ्यात फक्त एका बाईनं केली होती, आणि तिला उत्तर मिळालं होतं, "नमुना पसंत पडला नाही." यवतेश्वराच्या पायथ्याशी दोन खोल्यांत त्या आणि त्यांचे थोरले भाऊ राहत. आम्ही त्यांना दादाच म्हणायचो. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, बोलण्यात निम्मी पलटण. बहीण एकटी रानात जाते म्हणून ते संरक्षणाला बरोबर निघत आणि पहिल्या झाडाखाली झोपून जात.

"काय मास्तरीणबाई, आज दुश्मन कुठल्या टेकडीवर?"

"दादा, तू फक्त डबा सांभाळ."

"जी साब. डब्याचा मोर्चा आपला."

जाळं बाईंनी घरीच केलेलं होतं. जुन्या मच्छरदाणीचं कापड, लोखंडी कडी आणि कळकाची काठी. ते घेऊन एसटीत चढल्या की कंडक्टर म्हणायचा, "बाई, तिकडं मासं गावत न्हाईत." बाई दर वेळी तितक्याच गंभीरपणे सांगायच्या की हे माशांचं जाळं नाही.

एका शनिवारी मी त्यांना मारुतीच्या देवळाबाहेर पाहिलं आणि मला धक्काच बसला. त्याच आठवड्यात अंधश्रद्धेवर माझं पत्रक निघालं होतं. मी तरातरा गेले. "बाई, तुम्हीसुद्धा?"

बाई रुईच्या माळांच्या ढिगाऱ्यापुढे उकिडव्या बसल्या होत्या आणि एकेक माळ उचलून तिचं पान न् पान उलटं करून बघत होत्या. माळवाली वैतागली होती. "आवं बाई, द्येवाला माळ न्हाई घालायची, नारळ न्हाई फोडायचा, नुस्तं आपलं उलटून पालटून! दर शनवारी हेच. मारुती रुसंल की वो."

"मिळालं," बाई म्हणाल्या. एका पानाच्या पाठीवर मोहरीपेक्षा बारीक, पांढरट अंडं होतं. माळवालीला त्यांनी त्या माळेचे पैसे दिले आणि मला म्हणाल्या, "रुई कडू. ती खाऊन वाढलेलं फुलपाखरूही कडू. पक्षी एकदा तोंड लावतात, पुन्हा नाही. आता गंमत अशी, की दुसऱ्याच एका जातीची मादी हुबेहूब ह्याच्यासारखी नारिंगी दिसते. ती कडू नाही. नुसते कपडे तसे."

मला लगेच पत्रक सुचलं. "म्हणजे खादी घातलेले साखरसम्राट!"

"राजकारण नंतर. आधी मागच्या पंखावरचे काळे ठिपके बघ. मध्यावर तीन-चार आहेत, की वरच्या कडेला एकच आहे? तेवढं ओळखता आलं, की मग साखरसम्राटाकडे जा."

बाईंचं सगळंच मला पटत असे, असं नाही. पूर्वेकडे, आमच्या दुष्काळी भागात, लोक टँकरची वाट बघत बसले होते आणि बाई पंखांवरचे ठिपके बघत होत्या. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या चिडल्या नाहीत. "तू टँकर मोज," म्हणाल्या, "पण नीट मोज. तुझ्या पत्रकात तो कधी एक असतो, कधी पाच." एखाद्या मुलीला भोवळ आली तर आधी तिच्या हातातला नमुना सावरणारी ही बाई, हेही खरं. पण कॉलेजात दुसरं कुणी माझी पत्रकं शेवटच्या ओळीपर्यंत वाचत नव्हतं.

रंगीत फुलपाखरांवर त्यांचा खरा जीव नव्हता. जीव होता तो झुडपांच्या बुडाशी, सावलीत, उडी मारल्यासारख्या उडणाऱ्या तपकिरी फुलपाखरांवर. कुणी दोनदा बघणार नाही अशी. पंख मिटून बसली की त्यांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारख्या गोल खुणांची रांग दिसते. पावसाळा सरला, गवत वाळलं, की पुढच्या पिढीत ते डोळे जवळजवळ नाहीसे होतात, सुईच्या टोकाएवढे ठिपके उरतात. वाळल्या पानांत वाळलं पान होऊन बसायचं. हे सगळं पुस्तकांत होतं, बाई ते वर्गात शिकवत.

पण पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका खोल घळीत त्यांना भर श्रावणात बिनडोळ्यांची फुलपाखरं मिळाली. चहूकडे हिरवंगार, आणि ही मात्र वाळल्या पानाच्या वेशात. दुसऱ्या श्रावणात पुन्हा गेल्या, तेव्हा मीही बरोबर होते. तीच घळ, तशीच फुलपाखरं. हा ऋतूचा फरक असता तर तो श्रावणात दिसायला नको होता. म्हणजे जातच वेगळी, आजवर कुणी न नोंदवलेली. बाई पुन्हा पुन्हा तेच फुलपाखरू उलटून बघत होत्या. थंडी कडाक्याची होती. ऊन त्या घळीत उतरतच नसावं.

दादा घोंगडीत गुरफटून एका कपारीत बसले होते. "आगष्ट हाय का पौष हाय?" ते म्हणाले. "मास्तरीणबाई, हे तुमचं पाखरू नवं-बिवं काय न्हाई. थंडीची वर्दी चढवलीया त्यानं. आमी लडाखला आगष्टात बी कोटात हुतो. कॅलेंडर बघून वर्दी घालत न्हाईत, थंडी बघून घालत्यात."

"दादा, फुलपाखरांची बदली होत नाही," बाई म्हणाल्या, आणि आम्ही सगळेच हसलो.

मग बातमी पसरली. बाईंनी विभागप्रमुखांना सांगितलं, त्यांनी प्राचार्यांना, प्राचार्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा माणूस आला. त्यानं विचारलं, "जात नवी आहे का?" बाई म्हणाल्या, "आहे." दुसऱ्या दिवशी ते छापून आलं.

अध्यक्ष म्हणजे साखर कारखान्याचेही अध्यक्ष. ते स्वतः प्रयोगशाळेत आले. प्रयोगशाळा कसली, जिन्याखालची अंधारी जागा. त्यांनी फुलपाखराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बारीक हाय, पर असू दे. बाई, ह्येला आमच्या आबांचं नाव द्यायचं. संस्था त्येंनीच काढली. लॅटिनमदी आबा कसं म्हंत्यात तेवढं बघा." आणि जाताना दारात म्हणाले, "तुमची जागा कायम करून टाकू. वरच्या मजल्यावर उजेडाची खोली बी देऊ."

ही दोन वाक्यं बाईंच्या दृष्टीनं काय होती ते मला ठाऊक होतं. त्या वर्षानुवर्षं रजेच्या जागेवर होत्या. दर जूनला नवा हुकूम आला तर नोकरी, नाहीतर नाही. आणि उजेडाची खोली! जिन्याखाली सूक्ष्मदर्शकाला उजेड मिळावा म्हणून त्या आरसा दारात टेकवून ठेवत, आणि कुणी येता-जाता त्याला पाय लावला की त्यांचं सगळं जग काळोखात जाई.

मी मात्र संतापले होते. ज्या खोऱ्यात फुलपाखरू सापडलं तिथली गावंच्या गावं धरणाखाली गेली होती. नाव द्यायचंच तर त्या लोकांचं द्या, आबांचं कशासाठी? मी पत्रक लिहून बाईंच्या घरी गेले. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"तू आणि अध्यक्ष एकाच पाटावर बसलात," त्या म्हणाल्या. "मूल जन्मलंय का ते कुणी बघितलं नाही, आणि दोन आत्या पाळण्याशी भांडतायत."

"पण बाई, तुम्हीच तर म्हणालात, नवी जात आहे."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "मी 'आहे' म्हणाले. मला विचारायला हवं होतं कुणीतरी, दिसलं की वाटलं. माझ्या वर्गात एवढी मुलं, एकानंही विचारलं नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पाऊस हे कारण मी वगळलं होतं. थंडी वगळलीच नव्हती. दादा चेष्टेत बोलला, पण प्रश्न चेष्टेचा नव्हता."

त्याच आठवड्यात त्या पुन्हा घळीत गेल्या आणि एक बिनडोळ्याची मादी जिवंत घेऊन आल्या. बरणीत गवताच्या काड्या ठेवल्या. मादीनं त्यांवर मोत्यांसारखी अंडी घातली. एका आईची अंडी. बाईंनी ती निम्मी निम्मी केली. निम्मी घरात, पाण्याच्या रांजणाला टेकवून, ओल्या फडक्याखाली, गारव्यात. "आणि निम्मी ऊन असेल तिथं. तुझ्या आटपाडीइतकं ऊन दुसरीकडे कुठं मिळणार?"

अशी मी सहामाहीच्या सुट्टीत मांडीवर गवताची कुंडी घेऊन एसटीनं घरी गेले. तोवर कॉलेजात सत्काराची तारीख ठरली होती, दिवाळीनंतरची.

आईनं कुंडी बघितली. "शेरडास्नी पानी न्हाई, आन् किड्यांस्नी घालू व्हय?" मी वाद घालायला तोंड उघडलं, पण खरं तर ती माझंच वाक्य बोलत होती. पहिले दोन-तीन दिवस ती कुंडीकडे फिरकली नाही. मग एका सकाळी बघते तर उकिडवी बसून बोलतेय त्यांच्याशी. "शिंगं बी हायती की गं ह्यास्नी!" त्या अळ्यांच्या डोक्यावर दोन बारीक शिंगं असतात. "आन् चरत्यात बी कशी, मेंढरावानी, एका कडंनं." आमचं सगळं घराणं मेंढरांमागं हिंडलेलं. त्या दिवसापासून भांडी विसळलेलं पाणी कुंडीला जाऊ लागलं, आणि आळीतल्या बायका आमच्या आईचा नवा कळप बघायला येऊ लागल्या.

कोष झाले. ऊन तर असं, की पत्र्याला हात लावता येत नव्हता. एका सकाळी पहिलं फुलपाखरू बाहेर आलं. काडीला लटकून पंख सुकवत बसलं, पंख मिटले, आणि मी कुंडी दारात उजेडाला ओढली. खालच्या बाजूला डोळ्यांची रांग होती. मोठे, गोल, पिवळ्या कडीचे डोळे. गावोगावच्या झुडपांत उडतं तेच साधं फुलपाखरू.

"काय झालं गं?" आईनं विचारलं. मी सांगितलं. डोळे आले म्हणजे जात नवी नाही. जात नवी नाही म्हणजे बाईंची नोकरी कायम होत नाही, खोली मिळत नाही.

आई विचारात पडली. "मग सोडून दे की त्येला. उडून जाईल. किडं मेलं म्हन. कोन बघाया येतंय हितं?"

"आई, दिसलंय."

तिनं एकदा माझ्याकडे, एकदा कुंडीकडे पाहिलं. मग भिंतीवरचं एक सुटत आलेलं पत्रक तिनं स्वतःच ओढून काढलं. "घे. कशात न्हेनार न्हाईतर? पंख मोडतील."

बाईंच्या घरी मी ती त्रिकोणी पुडी उघडली तेव्हा रांजणापाशी वाढलेलीही बाहेर आली होती. त्यांना फक्त ठिपके होते. बाईंनी दोन्ही शेजारी ठेवली. डोळे असलेलं, बिनडोळ्याचं. एकाच आईची.

"मंजी वर्दीच," दादा हळूच म्हणाले.

"वर्दीच. तू बरोबर होतास दादा. फक्त तुला ते माहीत नव्हतं." आणि मग बाई हसल्या. हरलेल्या माणसाला इतकं मोकळं हसताना मी पाहिलेलं नव्हतं. आमच्या चळवळीत हरलो की परिस्थितीला जबाबदार धरायची रीत होती. "अगं, बघ तरी! जिथं पाऊस नाही तिथं पावसाळी डोळे! पाऊस नव्हेच तो, ऊब आहे ती. काय मस्त आहे हे!"

"बाई, पण तुमचं कायम होणं..."

"ते जूनमध्ये. हे आत्ता."

सत्कार रद्द करायला त्या प्राचार्यांकडे गेल्या, तर प्राचार्य म्हणाले, मांडव घालून झालाय, आता अध्यक्षांना कोण सांगणार? "मी सांगते," बाई म्हणाल्या. दारात मुलींनी फुलपाखराची रांगोळी काढली होती, मोराच्या पिसाऱ्यासारखी. व्यासपीठावर आबांचा फोटो, हार. शाल अंगावर पडायच्या आत बाई माइकपाशी गेल्या आणि सगळं सांगितलं. घळ, अंडी, रांजण, आटपाडी. "ही जात नवी नाही. मी चुकीचं सांगितलं होतं."

मांडवात कुणाला काही कळलं नाही, पण अध्यक्षांना कळलं. ते खुर्चीतून वाकून म्हणाले, आणि माइकमुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं, "आवं बाई, येवढा मांडव घातलाय. बारीकसा तरी फरक असंल की!"

"आहे ना," बाई म्हणाल्या. "उन्हाचा."

मागच्या रांगेतून दादांनी एकट्यानं टाळ्या वाजवल्या. मग मी. मग थोड्या पोरांनी, काय झालं ते न कळता.

जूनला हुकूम आला नाही. बाई आता वाईला एका शाळेत शिकवतात. वर्ग पाचवी ते सातवी, आणि कृष्णेच्या घाटावर पोरांची रांग करून पानं उलटायला लावतात, असं ऐकते. तेही ऐकलेलंच. दिसलेलं नाही.

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. सत्कारानंतर बाई त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेल्या. "तुम्ही माझा शोध छापलात, आता चूकही छापा." संपादक सज्जन होते. म्हणाले, "बाई, चुकीला जागा नाही हो. पुन्हा शोध लागला की या."

त्या थेट माझ्याकडे आल्या. "तुझं ते पत्रकांचं यंत्र चालू आहे का?"

मी रात्रभर मजकूर रचला असता, एवढा मला जोर आला. मथळा दिला, 'अखेर सत्याचा विजय!' बाईंनी तो खोडला. "विजय कुणावर?" मी अध्यक्षांवर दोन परिच्छेद लिहिले होते, तेही खोडले. "हे तुझ्या पत्रकात लिही. हे माझं आहे." उरलं ते असं: 'कोयना खोऱ्यातलं बिनडोळ्याचं फुलपाखरू ही नवी जात आहे, असं मी सांगितलं होतं. ती नवी जात नाही. थंडीत वाढलं की नेहमीचंच फुलपाखरू तसं होतं. मी चुकले.' खाली त्यांचं नाव.

आमच्या घराच्या चारी भिंती पत्रकांनी भरल्या होत्या. त्यांत 'मी चुकले' असं एकही नव्हतं.

आम्ही ती एसटी स्टँडवर वाटली. दादा पाटणच्या गाडीपाशी उभे राहून ओरडत होते, "घ्या, फुकट हाय, वाचा आन् म्होरं द्या!" एक म्हातारा, डोक्याला फेटा, काखेत बोचकं, पत्रक घेऊन उभा राहिला. अक्षर न् अक्षर लावत त्यानं ते वाचलं.

"मंजी पाखरू गेलं म्हना."

"गेलं नाही," बाई म्हणाल्या. "आहे तिथंच आहे. नवं नाव मिळणार होतं, तेवढं गेलं."

म्हातारा हसला. "आमचं उलटं झालं बगा. गाव धरनात गेलं. नाव हाय. सरकारनं पार खाली माळावर बसवलंय, पाटीवर त्येच नाव लिवून."

माझ्या ओठांवर अख्खं पत्रक आलं होतं. बाईंनी माझा हात दाबून धरला. "आता तिथं काहीच नाही?"

"हाय की. उन्हाळ्यात पानी उतरलं की आमच्या घराचा उंबरा दिसतो."

"दिसतो?"

"दिसतो तर! दर साली जाऊन बसतो त्येच्यावर."

बाईंनी उरलेली पत्रकं दादांच्या हातात दिली. "यंदा जाल तेव्हा मला न्याल का? मला बघायचाय."

"या की," म्हातारा म्हणाला. मग पत्रकाकडे बघून जरा ओशाळला. "पर आवं बाई, तिथं पाखरं न्हाईत."

"नसू देत," बाई म्हणाल्या.